दाबलेला खोकला

ऐका. गुळाच्या काहिलीखालचा जाळ जरा बेतानं ठेवा, उसाचा रस आपल्या आपण आटतो. त्याला घाई चालत नाही आणि मलाही चालत नाही. बायांनो, तुम्ही तिकडं अंधारात कशाला बसलात? पुढं या, जाळाजवळ या. ही गोष्ट तुमच्यासमोरच सांगायची आहे. बाप्यांनो, सरका जरा, जागा द्या. हां. आता ऐका.

आंबेदऱ्याचा बयाजी. दिवेलागण कधीच होऊन गेलेली. माणूस भाकरी खाऊन अंथरुणाकडं बघतो, तेव्हाची वेळ. आणि हा बयाजी पायात वहाणा सारून, खांद्यावर घोंगडी टाकून, काठी घेऊन निघाला. कुठं निघाला? बोरखिंडीला. तीन कोस. गाडीवाट होती, पण ती डोंगराला वळसा घालून जायची. जवळची वाट चाफेडोहावरनं. नदीच्या कडेकडेनं, निरगुडीच्या जाळ्यांतनं. दिवसा तिथं पाखरं बोलतात. रात्री त्या डोहाचं कुणी नावसुद्धा घेत नसे. म्हणायचे, डोहात जखीण आहे. बुडून मेलेली सवाष्ण बाई ती जागा सोडत नाही, असं जुनी माणसं सांगायची.

मग हा रात्री त्या वाटेनं का निघाला? तर निरोप होता. येसबा पाटलानं त्याला पारावर बोलावून सांगितलं होतं, "बयाजी, ठकूच्या बापाला उठवायचं. म्हणायचं, आत्ताच्या आत्ता गाडी जुंप आणि लेकीला घेऊन जा. तांबडं फुटायच्या आत गाडी आमच्या वेशीवर पाहिजे. गाव जागं व्हायच्या आधी गेली तर तिची बी लाज राहील, आमची बी."

ठकू म्हणजे बयाजीच्या चुलतभावाची, दौलूची बायको. चार वर्षं झाली होती लग्नाला. कामाला वाघीण, तोंडानं गोड. तिनं केलं काय एवढं? सांगतो. सगळं सांगतो.

त्या गावात एक चाल होती. चाफेडोहाच्या वरच्या अंगाला बायकांची धुण्याची, न्हाण्याची जागा. तिथं उतरायच्या चढावर एक जांभळीचं झाड. बाप्या माणसाला त्या बाजूनं जायचं झालं, तर त्यानं जांभळीखाली थांबायचं आणि खाकरायचं. मोठ्यानं. खालनं एखादी म्हातारी म्हणायची, "थांब रं बाबा." मग बायका लुगडी सावरायच्या, आणि म्हातारी म्हणायची, "जा आता." मग मान खाली घालून निघून जायचं. एवढंच. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पण आज्यानं बापाला शिकवलं, बापानं लेकाला. बाईनं झाकून घ्यावं हे जेवढं जुनं, तेवढंच बाप्यानं खाकरावं हेही जुनं. पण गंमत बघा, बाईचं सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. बाप्याचं तेवढं विसरलं.

तर त्या रात्रीच्या दोन दिवस आधी, दुपारी ठकू एकटीच डोहावर न्हात होती. सासूनं वाकळा धुवायला पाठवलेलं, धुऊन झाल्यावर न्हायला बसली. आणि तिला वाटलं, निरगुडीत कुणीतरी आहे. बघती तर जाळी हलतीय आणि वारा तर नाही! तिनं किंकाळी फोडली. हाताला लागलं ते लुगडं गुंडाळलं आणि पळत सुटली. केस ओले, मोकळे. डोक्यावर पदर नाही. आणि अशीच पारावरनं गेली. पारावर येसबा पाटील, चार म्हातारे, सगळे बसलेले.

झालं! कोण होता? तिला तोंड दिसलं नव्हतं. मग कुणीच नसेल. मग ही खोटं बोलती. मग हिचाच कुणीतरी असेल. आणि कुणी असो नसो, उघड्या डोक्यानं पारावरनं गेली म्हणजे काय? भरदुपारी एकटी न्हायला बसली म्हणजे काय? सासू म्हणाली, "असली नको आमच्या घरात." दौलू गप्प बसला. गप्प बसून त्यानं बायकोचं गाठोडं बांधलं.

आता तुम्हाला एक सांगतो. जे गावाला ठाऊक नव्हतं ते सांगतो.

निरगुडीत बयाजीच होता.

कोण हसलं रं तिकडं? हस, हस. बयाजीही पहिल्यांदा हसलाच होता, मनातल्या मनात. वाईट माणूस नव्हता तो. कुणाच्या अडीनडीला धावायचा, मयताला खांदा द्यायचा. पण त्या दिवशी जांभळीखाली आला, खाली पाण्याचा आवाज आला, आणि तो खाकरला नाही. नुसता खाकरला नाही असंही नाही! त्याला चिलमीची ढास होती. खोकला सारखा यायचा, आणि नेमका तेव्हाच आला. तर ह्यानं मुंडाशाचं टोक सोडलं आणि तोंडात कोंबलं. खोकला गिळला. डोळ्यांत पाणी आलं तरी गिळला. आणि खाली निरगुडीत शिरून त्याच डोळ्यांनी बघत बसला.

आता तोच बयाजी, तिला घेऊन जा म्हणून सांगायला निघालेला. वाटेनं मनात एकच चाललेलं. आपण तोंड उघडलं नाही तर निभलं. ती माहेरी गेली की गाव विसरंल. बाप काही मारून टाकत नाही तिला.

चालला. चालला. चांद उगवायचा होता अजून. पायाखालची वाट सवयीनं कळायची. रातकिडे किरकिर करत होते. जांभळ आली.

आणि रातकिडे थांबले.

एकदम! कानावर हात ठेवावा तसे. आणि खालनं, डोहाकडनं, आवाज आला. धप्. धप्. धप्. धुणं धुतल्याचा आवाज. अशा रात्रीला! बयाजीचा पाय जागीच थबकला. आवाज थांबला. आणि एक बाई बोलली. अगदी साधी, रोजच्यासारखी.

"कोण हाय वर? खाकरून या रं बाबा."

आता ऐका हं. इथं त्यानं खाकरायचं होतं. एवढंच करायचं होतं. "मी बयाजी, जाऊ का?" म्हणायचं होतं. म्हातारी माणसं सांगायची, जखीणसुद्धा रीत पाळणाऱ्याला वाट देते. पण ह्याच्या मनात आलं, आपण आवाज केला तर तिला कळंल आपण इथं आहोत. आणि त्याच वेळी छातीतनं ढास वर आली. काय केलं त्यानं? परवा केलं तेच. मुंडाशाचं टोक सोडलं. तोंडात कोंबलं. खोकला दाबला.

खालची बाई हळूच म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. "बरं."

बयाजी चवड्यावर चालायला लागला. चढ उतरला. जाळ्यांत शिरला. आणि त्याला वाटलं, कुणीतरी बघतंय. मानेवर, इथं, केसांच्या खाली, मुंगी चालावी तसं. वळून बघितलं. कुणी नाही. पुढं चालला. परत मुंगी. आता पाठीवर. आता पोटऱ्यांवर. बघण्याला वजन नसतं म्हणता? असतं! त्या रात्री बयाजीला विचारायला हवं होतं.

निरगुडीची एक फांदी घोंगडीला अडकली. त्यानं ओढली. घोंगडी सुटंना. फांदीनंच ओढली, आणि घोंगडी गेली अंधारात. बाजूनं बाई म्हणाली, "सावरून चाल की रं. लोक बघत्यात."

बयाजी पळाला. पळता पळता मुंडासं सुटलं, मागं लांब लांब लोंबत गेलं, कशात तरी गुंतलं आणि डोक्यावरनं उतरलं. तोंडातलं टोकही गेलं. बाई दुसऱ्या बाजूनं बोलली, "अरे अरे, उघड्या डोक्यानं? घरात कुणी शिकवलं न्हाई का?"

बंडी फाटली. काट्यांनी फाडली की बोटांनी, ते त्याला कळलं नाही. धोतराचा सोगा पायात आला, पालथा पडला, उठला तर कमरेला नुसती लंगोटी. आणि जीव घेऊन पळाला तो झाडाझुडपांतनं मोकळ्या जागेत निघाला. कुठं निघाला? बोरखिंडीच्या वाटेवर? छट्! डोहाच्या काठावर. धुण्याच्या दगडाशी.

तेवढ्यात चांद उगवला. आणि त्यानं काठाकडं बघितलं.

माणसं बसली होती. दोन्ही काठांवर. ओळीनं, पारावर बसतात तशी. मुंडाशीवाली. गुडघ्याला हातांची मिठी घातलेली. तोंड एकालाही नाही. नुसते डोळे. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. नुसते बघत होते. लंगोटीवरच्या बयाजीकडं.

बयाजीनं दोन हातांनी अंग झाकलं. दोन हातांनी किती झाकणार? पाठ झाकली तर पोट उघडं. तो मागं सरला. पाण्यात पाय पडला. घोट्याएवढं पाणी. गार.

हे नीट ऐका. कुणी त्याला ओढत नव्हतं. पाण्यातनं हात आला, पाय धरला, असलं काही नाही. तो आपल्या पायानं मागं सरत होता.

"आत कुठं चाललास?" बाईनं विचारलं. आता आवाज पाण्यातनं येत होता.

"माणसं बघत्यात, बाई."

"मग बघू दे. तू काय केलंस?"

"मी काय न्हाई केलं! मी नुसता हुबा हाय!"

"ती बी नुसती न्हात होती," बाई म्हणाली. "परवा हितं कोण आलं होतं रं?"

बयाजी म्हणाला, "मी... माझी वाट चुकली होती."

काठावरचे डोळे वाढले. मागं अजून एक ओळ बसली. बयाजी मागं सरला. गुडघ्याएवढं पाणी.

"बरं. मग?"

"मी बगितलं न्हाई, बाई, आईशपथ! मला ती दिसली. नुसती दिसली!"

अजून एक ओळ. कमरेएवढं पाणी.

"मग?"

"तिनं आडोसा बघायचा व्हता! उन्हाचं एकटं कुणी न्हातं का? तिचं तिला कळायला नको?"

छातीएवढं. पायाखालची वाळू सरकायला लागली. चाफेडोहाचं तसंच आहे, छातीपर्यंत वाळू, आणि पुढं एकदम कडा. खाली तळ नाही.

"आणिक काय?"

बयाजी रडकुंडीला आला. म्हणाला, "बाप्याची जात हाय, बाई. डोळा जातोच. त्याला माणूस काय करणार?"

हनुवटीला पाणी लागलं.

मग ती बाई त्याच्या अगदी जवळ बोलली. ओरडली नाही. रागानं बोलली असती तर बयाजीला बरं वाटलं असतं. थकलेल्या बाईसारखी बोलली.

"मी बी अशीच मागं सरले. घोट्याएवढ्या पाण्यात न्हात होते. त्या निरगुडीत एक जण येऊन बसला. माझं कोरडं लुगडं दगडावर, त्याच्या बाजूला. म्हटलं जाईल आत्ता. गुडघ्याएवढ्यात गेले. तो जाईना. कमरेएवढ्यात गेले. बघतच ऱ्हायला. मला झाकायला पाण्याशिवाय दुसरं काय न्हवतं. गावानं सांगितलं, पाय घसरला. बाबा रं, माझा पाय कधीच घसरला न्हाई."

बयाजीला काठावर एक जागा दिसली. निरगुडीची जाळी. परवाचीच. आणि तिथं एक माणूस लपून बसलेला. ह्याला मात्र तोंड होतं. तोंडात मुंडाशाचं टोक कोंबलेलं. खांदे हलत होते, खोकला दाबल्यानं. डोळ्यांत पाणी आलेलं आणि डोळे तरी पाण्याकडंच लागलेले.

बयाजीनं ओळखलं. स्वतःला कोण ओळखणार नाही?

एक पाऊल मागं टाकलं की कडा. आणि तो तिथला बयाजी काही बघायचं थांबवंना. पाण्यातला बयाजी ओरडला, "खोक! अरे, खोक की! खोक आणि जा तिथनं!" तो कशाला खोकतोय? बघतच राहिला. तेव्हा त्याला कळलं, बाबांनो, काय असतं ते. समोरचा एकदा खोकला असता, मान वळवून चार पावलं गेला असता, तर पाण्यातल्या माणसाचा जीव वाचत होता. पाण्यातल्यानं कितीही झाकून घेतलं तरी वाचत नव्हता.

पाणी ओठांना लागलं. मान वर करून, आभाळाकडं तोंड करून तो बोलला.

"मी खाकरलो न्हाई! खोकला आला तो मी दाबला! मला दिसली न्हाई, मी बगितली! पाय माझे, डोळे माझे! तिचं काय चुकलं न्हाई!"

जाळीतला बयाजी खोकला. असा खोकला, की तोंडातलं टोक उडून पडलं. आणि पाण्यातल्या बयाजीलाही खोकला फुटला, छाती फुटावी तसा. नाकातोंडात पाणी गेलं, पायाखालची वाळू निघाली, हातपाय मारले. कशाला तरी हात लागला. धुण्याचा दगड. दगडाला मिठी मारून तो बाहेर सरपटला आणि खोकत पडला. काठावर कुणी नव्हतं. नुसतं चांदणं. रातकिडे परत किरकिरायला लागले होते.

बाई एकदाच बोलली, लांबनं.

"जा आता."

बयाजी उठला. रात्र सरत आली होती. बोरखिंड पुढं होती, अजून अडीच कोसावर. कुठं गेला असेल? माघारी. अंगाला लंगोटी, अंगभर ओरखडे, थंडीनं दात वाजतायत, असा तो आंबेदऱ्याच्या वेशीतनं आत आला तेव्हा तांबडं फुटत होतं. पारावर येसबा पाटील बसला होता, म्हातारे होते. दौलू होता. बाजूला जमिनीवर गाठोडं, आणि गाठोड्याशेजारी ठकू. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

पाटील उठलाच. "अरे, काय हे ध्यान? बायकामाणसं आहेत हितं! आणि गाडी कुठाय?"

"गाडी न्हाई," बयाजी म्हणाला. "निरोप दिला न्हाई. जाळीत मी होतो."

चुलीवरचं दूध उतू जावं आणि सगळ्यांनी नुसतं बघत बसावं, तसं झालं. मग पाटील घसा साफ करून म्हणाला, "हे बघ. झालं ते वंगाळच झालं. तुला काय करायचं ते आम्ही बघू. पण तसं बघितलं तर तिनं बी..."

"पाटील!" बयाजी ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा पाटलावर ओरडला. "थांबा! ते बोलणं पुरं करू नका. तुमच्या पाया पडतो. ह्याच बोलण्यानं मी हनुवटीपातूर पाण्यात गेलो होतो."

पाटील पारावर परत बसला. एक म्हातारा खाली मातीत बघायला लागला. मग दुसराही. आता तुम्हीच समजा, त्या म्हाताऱ्यांना त्यांच्या तरण्यापणातलं काय काय आठवलं असेल. त्या डोहातल्या बाईचं लुगडं दगडावर होतं, आणि जाळीत कोण होता, ते गावानं कधी विचारलंच नव्हतं.

ठकू उठली. पदर मागं सारला, डोक्यापर्यंत. बयाजीसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, तोंड वर करा."

त्याला करवेना.

"परवा बरं बघवलं. आता बघा की. मी तीच हाय."

तो उभाच, मान छातीला लावून. डोळ्यांतनं पाणी मातीत टपटपतंय. तिनं त्याला माफ केलं का, म्हणता? नाही केलं. मी सांगणार नाही केलं म्हणून. पुढं दहा वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. आणि तो तिच्या दारावरनं जाताना, दार बंद असलं तरी, आधी थांबायचा, खाकरायचा आणि मग जायचा.

पारामागं उभी असलेली सासू म्हणाली, "बरं बरं, चल घरात. उचल ते गाठोडं."

ठकू जागची हलली नाही. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "ज्यानं बांधलं, त्यानं सोडावं."

सगळा पार बघत होता. पाटील बघत होता. दौलू किती वेळ उभा राहिला, काय सांगू. उजाडलं. गुरं सुटली. मग तो खाली बसला, मातीत, बायकोच्या पायाशी. गाठ आवळून मारलेली होती, सुटंना. त्यानं दातांनी सोडली.

हं. आली बघा काहील, उतरवा. सांभाळून, गरम आहे.

ती डोहाची वाट अजून आहे. वर सडक झाली, एसटी जाते, पण खालची वाट मोडलेली नाही. तिथं धुण्याचा आवाज येतो म्हणतात. म्हणून आपलं म्हाताऱ्याचं ऐका. दिवस बुडाल्यावर बाप्या माणसानं त्या वाटेनं एकट्यानं जाऊ नये. अजिबात जाऊ नये. आता घरी जाताना सगळे बाप्ये सडकेनं जा, एकमेकांना धरून जा, मध्ये कुठं थांबू नका.

बायांनो, तुम्हाला कुठल्या वाटेनं जायचं त्या वाटेनं जा. ती बायकांना काही करत नाही.